सोड्याच्या जागी खळ

मी डिशवॉशर बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, खाली बघा. ओट्याखाली, सिंकच्या डाव्या अंगाला जो पांढरा डबा दिसतोय ना, तोच मी. पांढरा म्हणजे एके काळी पांढरा. आता माझा रंग दुधाच्या चहासारखा झालाय, पण त्याचं मला काही वाईट वाटत नाही. वय झालं की रंग उतरायचाच.

बोलायची मला सवय नाही. मी आपला गुरगुरतो, खळखळतो, शेवटी वाफ सोडून गप्प बसतो. पण आमच्या घरातल्या दोन बायकांबद्दल कुणीतरी चार चांगले शब्द बोलायला हवेत, आणि त्या स्वतःहून बोलतील ही आशा सोडा. म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे रांगेने उभे होते. कुणी पोटात पाणी भरून बघितलं, कुणी दार आपटून बघितलं, आणि पास असा शिक्का मारून मला खोक्यात घातलं. मोठ्या तोऱ्यात मी पहिल्या घरी गेलो. पण तिथलं जोडपं जेवायचं बाहेर. घरात दोघांचे चहाचे कप तेवढे उष्टे व्हायचे, तेही नळाखाली धरून मोकळे. माझ्या पोटात त्यांनी केकचे साचे आणि जुने डबे भरून ठेवले. भांडी घासायला जन्मलेल्याचं कपाट करून टाकलं हो! मला तर वाटलं, आपलं आयुष्य असंच फुकट जाणार.

मग त्यांनी घर बदललं. सामान न्यायला जो ट्रकवाला आला, त्याने मला बघितलं आणि विचारलं, "हे नवीन घरी न्यायचंय का?"

"नको. तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा," बाई म्हणाल्या.

त्याने इतक्या घाईने "चालेल" म्हटलं की त्या हसल्या. तो मात्र हसला नाही. "बायकोच्या हातांना लागतंय," एवढंच म्हणाला. मला काही कळलं नाही. यंत्र बायकोच्या हातांना कसं लागेल? ते या घरी आल्यावर कळलं.

त्याची बायको रफू करते. अख्खी गल्ली तिला रफूवाली म्हणूनच ओळखते. स्वयंपाकघरात उजेड चांगला येतो, म्हणून खिडकीपाशी तिचं टेबल असतं, माझ्यापासून दोन हातांवर. कापडाच्याच शिवणीतून ती एक दोरा उपसून काढते, केसाहून बारीक, आणि भोकाच्या काठापासून एकाखालून एकावरून, एकाखालून एकावरून असा विणत जाते. बघताबघता भोक बुजतं. किती वेळा मी काम सोडून तिच्याकडे बघत बसलोय! म्हणजे काम चालूच असतं, पण लक्ष तिकडे.

आणि हात? भांड्यांचा साबण लागला की तिच्या बोटांची सालं निघायची. रबरी हातमोजे घालून बघितले, तर आत घाम येऊन हात आणखीच सोलवटले. भेगा पडलेली बोटं रेशमावर ठेवली की दोरा अडकतो, ओढला जातो, कापडाला सळ पडते. म्हणून तिच्याकडे यायचं काय, तर गुडघ्याला फाटलेल्या पँटी आणि तुटलेल्या चेनी. भारी रेशमी काम तिच्या वाट्याला येतच नव्हतं. येईल कसं?

घरात माणसं मोजकी, पण वरच्या मजल्यावरचे भाडेकरू दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. तो स्वयंपाक सासूबाईंच्या हातचा. त्यांच्या बोटांच्या सांध्यांना सूज, त्यामुळे घासणं सुनेकडे. मला ट्रकवरून उतरवलं तेव्हा सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलोय.

"हे खोकं भांडी घासणार?" त्या म्हणाल्या. "करपलेलं पातेलं दाखवा त्याला, पळून जाईल."

नाही पळालो. पण त्यांचा विश्वास बसेना. पहिले कितीतरी दिवस त्या आपल्या दुखऱ्या हातांनी प्रत्येक ताट आधी स्वतः घासून, पुसून, मग माझ्यात ठेवायच्या. ट्रकवाला कपाळाला हात लावायचा. "आई, अगं मग ते कशाला चालवायचं?"

"घाण भांडी आत घालायची म्हणजे काय? त्याला काय वाटेल?"

तेव्हापासून मला त्या आवडायला लागल्या. यंत्राला काय वाटेल हा विचार करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

हळूहळू त्या सरावल्या. रफूवालीचे हात बरे झाले. भेगा भरल्या, बोटांची टोकं मऊ झाली. आणि मग एक दिवस चष्मेवाल्या एक बाई आल्या. एका नाटक मंडळीचे सगळे पोशाख त्या सांभाळायच्या. गळ्यात साखळीने अडकवलेला चष्मा, आवाजात हुकूम. पिशवीतून त्यांनी हिरव्या रेशमाचा एक झगा काढला. नाटकातल्या राणीचा. खांद्याजवळ खिळ्याला अडकून चांगला टर्रकन फाटला होता.

"आमचा जुना रफूगार आता काम करत नाही," त्या म्हणाल्या. "हा दुरुस्त करून दाखव. मला रफू सापडलं नाही, तर आमच्या कपडेघराचं सगळं काम तुझं, कायमचं. सापडलं, तर नमस्कार."

रफूवाली "बरं" म्हणाली. पण बाई गेल्यावर तिने झगा मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता हात फिरवत बसली. सासूबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. या कामाची ती किती वाट बघत होती हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

आता पुढचं ऐका. संकटं कधी एकेकटी येत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात आली मात्र जोडीने. नदीवरच्या पुलाला तडा गेला आणि वाहतूक बंद झाली. ट्रकवाला त्याच्या आदल्याच दिवशी सामान उतरवताना पडला होता आणि हात प्लास्टरमध्ये घालून घरी बसला होता. पलीकडून माल येईना, दुकानांतल्या फळ्यांवरची डिशवॉशरची पावडर संपली. आणि माझ्या पावडरीच्या डब्यात तळाला चिकटलेली तेवढी धूळ उरली.

चष्मेवाल्या बाईंचा फोन आला. "पूल सुरू झाला की मी लगेच झगा न्यायला येते. पुढच्या गावी प्रयोग आहे." म्हणजे वेळ किती आहे हेही कुणाला माहीत नाही.

पहिल्या दिवशी रफूवालीने कुणाला न विचारता सगळी भांडी हाताने घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसली, रेशमाचा दोरा बोटावर घेतला आणि तो अडकला. तिने अलगद सोडवला. परत अडकला. अंगठ्याजवळ नवी भेग उघडली होती. मी तिचं तोंड बघितलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा पारा चढला.

"आजपासून तू पाण्याला हात लावायचा नाहीस. चहाचा कपसुद्धा विसळायचा नाही. लावलास तर माझ्याशी गाठ आहे!"

"आई, पण तुमचे हात..."

"माझ्या हातांचं मी बघते. आणि हे खोकं काय शोभेला ठेवलंय? पावडर नाही तर नाही. घरात दुसरं काही नाही का?"

हा प्रश्न ऐकून ट्रकवाला उठला. प्लास्टरमधला हात गळ्यात, दुसऱ्या हातात भांड्यांच्या लिक्विड साबणाची बाटली. "साबण तो साबण," म्हणत त्याने माझा कप्पा काठोकाठ भरला, वर आणखी एक पिचकारी मारली आणि बटण दाबलं.

अहो, काय सांगू! तो साबण हाताने घासण्यासाठी असतो. माझ्या पोटात पाणी जोरात फिरतं. क्षणात फेस. फेसावर फेस. माझ्या नाकातोंडातून, दाराच्या फटीतून, खालून, बाजूने. लादीवर पांढरा गालिचा पसरला. मी गुदमरून बंद पडलो. ट्रकवाला धावत आला, घसरला, आणि एका हाताने ओटा धरून लोंबकळत राहिला.

"दुसराही हात मोडून घे मेल्या!" सासूबाई ओरडल्या. "म्हणजे तुलाही मीच भरवते!"

रफूवाली झगा छातीशी धरून खुर्चीवर चढून उभी होती आणि इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. फेसावर मीठ टाकलं, व्हिनेगर ओतलं, तेव्हा कुठे तो बसला. माझं पोट निवळायला संध्याकाळ झाली. तेवढं सोडलं तर मला त्या दिवसाचा राग नाही. त्या घरात इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग सासूबाईंनी कारभार हातात घेतला. "खाण्याचा सोडा घालायचा," त्यांनी जाहीर केलं. "माझी आई पितळेची भांडी सोड्याने उजळायची. याला काय धाड भरलीय?"

आता या घराची एक खोड सांगतो. कुठलीही पुडी आणली की सासूबाई ती फोडून काचेच्या बरणीत ओततात. सगळ्या बरण्या एकसारख्या. कशावरही नाव नाही. "नावं कशाला? मला पाठ आहेत," हे ठरलेलं उत्तर. त्यातून रफूवालीचं सामानही याच फळीवर. शिवून झालेल्या कपड्यांना द्यायची खळ, म्हणजे स्टार्चची पूड, ती पण एका बरणीत. पांढरी, भुसभुशीत, अगदी सोड्याच्या शेजारी.

सासूबाईंनी बरणी उतरवली, मोठ्या विश्वासाने माझा कप्पा भरला, बटण दाबलं. पाणी तापायला लागलं आणि मला काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. सगळं जड, चिकट, आळल्यासारखं. दार उघडलं तेव्हा ताटांवर पांढरा पापुद्रा बसलेला, चमचे एकमेकांना चिकटलेले, आणि भांडी पुसायचं जे फडकं चुकून आत राहिलं होतं, ते ताठ उभं!

ट्रकवाला हसायला लागला, पण रफूवाली हसली नाही. तिने एका ताटावरून नख फिरवलं, फळीकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "आई, ही खळ होती."

"कुणीतरी बरण्यांची जागा बदलली असेल."

"जागा तीच आहे." रफूवालीने दोन्ही बरण्या उचलून त्यांच्यासमोर धरल्या. सोडा जुना होऊन जरा पिवळसर आणि जाडसर झाला होता, खळ पांढरीशुभ्र. एका नजरेत फरक कळावा असा. "यातली खळ कुठली, सांगा."

सासूबाईंनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग पदराला हात पुसत त्या खाली बसल्या.

"कधीपासून दिसत नाहीये?" रफूवालीने विचारलं.

"दिसतंय गं. जरा धुरकट दिसतं, एवढंच."

"एवढंच? आणि आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू झगाबिगा टाकून मला डॉक्टरकडे घेऊन धावली असतीस. ओळखते मी तुला. डोळे महिनाभर थांबतील. हे काम नाही थांबणार. आणि आता तर दवाखाना पुलापलीकडे. जाशील कुठे? बस तिथे आणि काम कर."

रफूवाली रडली. सरळ रडली, झग्यावर एक थेंबही पडू न देता तोंड फिरवून. मला तर दार लावून घ्यावंसं वाटलं, पण आमचं दार दुसऱ्याच्या हातात.

मग सासूबाईंनीच नाक ओढलं. "रडून भांडी निघणार आहेत का? बरण्या द्या इकडे सगळ्या."

आणि मी जे पाहिलं, ते आयुष्यात विसरणार नाही. त्या बाईने डोळे मिटले आणि एकेका बरणीत बोटं घातली. "ही खळ. चिमटीत दाबली की करकरते. हा सोडा, मुकाट राहतो. हे मीठ, टोचतं. हे लिंबूफूल, जिभेला लावलं की कानापर्यंत झिणझिण्या."

"आणि पिठीसाखर?" ट्रकवाल्याने विचारलं.

"तिला मुंग्या ओळखतात. तू गप्प बस."

रफूवालीने डोळे पुसले, कागदाचे तुकडे फाडून नावं लिहिली आणि बरण्यांना चिकटवली. सासूबाईंनीच एकेक बरणी तिच्यापुढे सरकवली. मग तिघांनी मिळून माझ्यावर प्रयोग केले. नुसता सोडा घातला, तर तेलकटपणा राहिला. त्यात मीठ घातलं, जरा बरं. शेवटी ट्रकवाल्याच्या त्या बदनाम लिक्विडचे मोजून दोनतीन थेंब, वर सोडा, वर चिमूटभर मीठ, आणि वरच्या जाळीत एका वाटीत व्हिनेगर. ट्रकवाला थेंब टाकताना सासूबाई त्याचं मनगट धरून उभ्या.

दार उघडलं. वाफ बाहेर गेली. सासूबाईंनी एक काचेचा पेला उचलला आणि अंगठ्याने घासला. कुईं असा आवाज आला.

"निघालं रे!" त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. "शहाणं आहे हे खोकं."

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा त्या दिवशी खरोखर पडला. पावडरीइतकी झळाळी नव्हती, खोटं कशाला बोलू? पातेली आधी भिजत घालावी लागायची, ते काम ट्रकवाल्याने एका हाताने केलं. पण रफूवालीच्या हाताला पाणी लागलं नाही. अंगठ्याची भेग मिटली. ती सकाळी उजेड आला की बसायची आणि उजेड गेला की उठायची.

झगा पुरा झाला त्या दुपारी तिने तो सासूबाईंच्या मांडीवर पसरला. "शोधा," म्हणाली.

"मला कुठे दिसतंय?"

"बोटांनी शोधा."

सासूबाईंनी दोन्ही तळवे खांद्यावर ठेवले आणि सावकाश फिरवले. मी पाणी अडवून धरलं होतं. बोटं गळ्याकडे गेली, बाहीकडे गेली, परत आली, आणि एका जागी थांबली.

"इथे," त्या म्हणाल्या. "इथे किंचित जाड लागतंय."

'काही लागत नाही' असं त्यांना म्हणता आलं असतं हो. सून आहे, दमलीय, काम सुरेख आहे, कोण बघतंय? पण त्यांनी सांगितलं. आणि रफूवालीनेही तोंड वाकडं केलं नाही. तिने तेवढा भाग उसवला, दोरा आणखी बारीक केला आणि पहिल्यापासून बसली. दुसऱ्यांदा सासूबाईंची बोटं फिरली, फिरत राहिली, कुठेच थांबली नाहीत.

"फाटला होता कुठे गं?" त्यांनी विचारलं. रफूवालीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पूल सुरू झाला त्याच दिवशी चष्मेवाल्या बाई दारात हजर. त्यांनी झगा खिडकीशी उजेडात धरला, आतून बघितला, बाहेरून बघितला, चष्म्यावर आणखी एक भिंग धरून बघितला. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मीच आणून दिला म्हणून विश्वास ठेवते की हा फाटला होता," त्या म्हणाल्या. "काम तुझं. आणि हे तपासलं कुणी? एकट्याचं काम नाही हे."

"आईंनी," रफूवाली म्हणाली.

"कमाल आहे तुमची! या वयात काय नजर आहे हो!"

सासूबाई अगदी गोड हसल्या आणि म्हणाल्या, "छे छे, सगळं हिचंच आहे." पण त्या ते बोलल्या फ्रीजकडे तोंड करून. बाई उभ्या होत्या दुसऱ्या बाजूला.

रफूवालीने पटकन त्यांचा हात धरला. "बाई, काम मी घेतलं," ती म्हणाली. "पण लगेच येणार नाही. पूल सुरू झालाय, आधी यांना दवाखान्यात न्यायचंय. तुम्ही थांबाल?"

चष्मेवाल्या बाईंनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि काय ते समजल्या. गळ्यातला चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "थांबेन. अशी माणसं मिळतात कुठे?"

मोतीबिंदू निघाला, सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. घरी आल्या, डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि सगळ्यांना वाटलं आता त्या मुलाकडे बघतील, आरशात बघतील, निदान माझ्यावरचे डाग तरी बघतील. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "हात बघू तुझे." दोन्ही हात त्यांनी उजेडात धरले, उलटे केले, एकेक बोट निरखलं. कुठे भेग नव्हती. बराच वेळ त्यांनी ते हात सोडलेच नाहीत.

आता माझं काय? दाराचं रबर झिजलंय, पाणी झिरपतं. फळीवर पावडर असते, पण मधूनच कधीतरी संपते, तेव्हा सोडा आणि मीठ येतं, आणि मला जुन्या दिवसांची चव लागते. सासूबाई आता चष्म्याशिवाय पेल्यावरचा बारकासा डागही पकडतात आणि मला दहा शब्द ऐकवतात. ऐकवू देत. त्यांचा हक्क आहे तो.

तुम्हाला एवढंच सांगणं. पावडर संपली तर घाबरू नका, पण तो साबण काठोकाठ ओतू नका, आमचाही जीव आहे. आणि मी गेलो की दुसरा कुणी आणा, नवा आणा, जुना आणा. पण ज्या हातांना दुसरं काही सुंदर करता येतं, त्यांच्यासमोर उष्टी भांडी ढकलायच्या आधी एकदा ते हात उजेडात धरून बघा. चला, ताटं लावून झालीत. ट्रकवाला दार लावतोय. कामाला लागतो मी.